साडेछप्पन्न सेंटीमीटर

थंडीने आमचा फ्रीजर वितळला. आईला सांगितलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं. पण सांगितलं नाही, ते वेगळ्याच कारणासाठी.

लीड्समधलं आमचं घर 'बॅक-टू-बॅक' प्रकारातलं. पाठीला पाठ लावून बांधलेली विटांची घरं, मागे ना दार ना खिडकी. स्वयंपाकघर म्हणजे तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी असलेला कोपरा, आणि तिथे रेडिएटर नाही. डिसेंबरात दहा दिवस नणंदेकडे गेलो, बिलाच्या धास्तीने हीटिंग अगदी खाली ठेवून. परत आलो तर फ्रिजचा दिवा लागत होता, वरचं दूध ठीक होतं, आणि खालच्या फ्रीजरमधले मटार पिशवीत सैल लोळत होते.

फ्रिज बिघडलाच नव्हता. अशा साध्या फ्रिज-फ्रीजरला कॉम्प्रेसर एक आणि थर्मोस्टॅटही एकच, तोही वरच्या फ्रिजच्या कप्प्यात. खोलीच पाच-सहा अंशांवर असली की तो कप्पा आपोआप गार राहतो. थर्मोस्टॅटला वाटतं, काम झालं. कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, आणि खालचा फ्रीजर उणे १८ वरून चढत चढत खोलीच्या तापमानाला येतो. आतल्या स्टिकरवर 'एन' असं अक्षर होतं, म्हणजे १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी. 'एसएन' असतं तर निदान १० पर्यंत चाललं असतं. लॅबमधला उणे ८० चा फ्रीजर जरा वर सरकला तरी रात्री दोन वाजता माझा फोन वाजतो. घरच्या फ्रीजरचं अक्षर मात्र मी चार वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं.

मटारांचं काही नाही. खालच्या ड्रॉवरमध्ये आईच्या सहा पुरणपोळ्या होत्या.

आई गेल्या वर्षी सहा महिने राहून गेली. निघायच्या आधी दोन दिवस खपून तिने चोवीस पोळ्या केल्या, मध्ये बटर पेपर घालून रचून ठेवल्या. तेव्हाच तिचं मनगट दुखत होतं. आता संधिवाताने लाटणं धरवत नाही. घरी पोळ्यांना बाई लावली आहे. मी त्या सहा पोळ्या पुरवत होते, कशासाठी ते मलाही धड सांगता आलं नसतं. डबा उघडला तर आंबूस वास आला. नवरा म्हणाला, "मी टाकतो, तू बाहेर जा." मी गेले नाही.

मग नवा फ्रिज. जागा भिंत आणि बॉयलरचं कपाट यांच्यामध्ये. जमिनीशी मापली तर साडेछप्पन्न सेंटीमीटर, छातीच्या उंचीला पंचावन्न. शंभर वर्षांची भिंत, तिने पोट पुढे काढलंय. दुकानात निम्मे फ्रिज साठ सेंटीमीटरचे, उरलेले बहुतेक पंचावन्नचे. पंचावन्नचा घुसवला असता तर हवेला जागा राहिली नसती. शिवाय बिजागरी भिंतीकडे असेल तर दार जेमतेम काटकोनात उघडतं आणि ड्रॉवर दाराला अडकतात, हे दुकानात कोणी सांगत नाही. माझं काँट्रॅक्ट सतरा महिन्यांत संपणार, पुढचं घर कुठे ते ठाऊक नाही. एवढी मापं काढायची कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. चूक नव्हतं ते. तरी मी टेप घेऊन तीन दुकानं हिंडले.

शेवटी पन्नास सेंटीमीटरचा अरुंद घेतला, फ्रिज आणि फ्रीजर अर्धे-अर्धे, बिजागरी बदलता येणारा, 'एसएन' अक्षर पाहून. आणि दहा पौंडांचा थर्मामीटर. गाडीत आडवा आणला होता, म्हणून रात्रभर उभा ठेवून सकाळी सुरू केला.

रविवारी आईने व्हिडिओवर बघायला मागितला. "फ्रीजर मोठा आहे गं! माझ्या पोळ्या संपल्या का?"

"संपल्या कधीच. शेवटच्या सहा नाताळात खाल्ल्या."

"तूप घेतलंस ना भरपूर?"

"घेतलं."

मग तिने मला पुरण किती शिजवायचं ते सांगायला सुरुवात केली. डाळ बोटचेपी, एवढंच मी लिहून घेतलं. बाकीचं तिचा उजवा हात दाखवत होता, आणि तो स्क्रीनच्या बाहेर जात होता.