हे पित्त नव्हे

नांदेडहून हेमकुंडला निघालेल्या तुकडीत कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं की निदान घरचंच होतं: पित्त झालंय. गाडीतलं जागरण, उपाशीपोटी चहा, कारणंही तयार असतात. कुणीतरी पिशवीतून आवळासुपारी काढतं आणि चढण सुरूच राहते. तुकडी नेणाऱ्याचं कसब इथे लागतं. तीन हजार मीटरांच्या आसपास किंवा वर डोकेदुखीसोबत मळमळ, अन्नावरची वासना उडणं किंवा गळाठा दिसला, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ती उंचीची बाधाच धरायची.

नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरांवर, लातूर साडेसहाशेच्या आत. राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच. सह्याद्रीत कितीही पायपीट केली तरी विरळ हवेची सवय होत नाही. ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब घटतो आणि साडेपाच हजार मीटरांवर निम्म्यावर येतो. दमदार तरुणही यातून सुटत नाही. तो भरभर चढतो आणि दुखणं सांगायला लाजतो. डॉ. इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९६९ साली या आजारावरचा जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तो १,९२५ भारतीय सैनिकांचा होता.

गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडात देह ठेवला आणि हेमकुंड त्यांच्या पूर्वजन्मीच्या तपाचं स्थान मानलं जातं. त्यामुळे इथल्या भाविकांची ओढ समजण्यासारखी आहे. पण गोविंदघाट सुमारे १,८०० मीटरांवर, घांगरिया तीन हजारांवर आणि हेमकुंड चार हजारांच्याही वर. तिथे मुक्काम करता येत नाही, त्याच दिवशी खाली उतरावं लागतं, हे शरीराच्या भल्याचंच. घात होतो तो घांगरियात एकच रात्र काढून पहाटे वर निघण्याने. मधला एक दिवस व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये सावकाश फिरावं आणि रात्री पुन्हा घांगरियातच झोपावं. परतीचं तिकीट काढतानाच हा दिवस धरायला हवा. खेचरावर बसून गेलं म्हणून उंची कमी होत नाही.

लांबच्या ट्रेकला तीन हजारांनंतर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरांहून जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. विमानाने थेट लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरांवर उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. अ‍ॅसिटाझोलामाइड उपयोगी आहे, पण घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावं.

संध्याकाळी ‘बरं वाटतंय ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘काका, किती भाकरी खाल्ल्या?’ हा प्रश्न जास्त कामाचा. टाचेला पाऊल जोडत सरळ रेषेत चालायला सांगावं. तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन असेल तर लावायचा आणि जाणत्या माणसासोबत त्यांना लगेच खाली उतरवायचं. एकट्याला कधीच पाठवायचं नाही.