रक्ताचा तपास आणि जातीचा शिक्का

आम्ही मूळचे विदर्भातले. पोटापाण्यासाठी बोईसरला आलो आणि तारापूर एमआयडीसीत कामाला लागलो. आमच्या भाचीच्या लग्नाची बोलणी चालू असताना रक्ततपासणीत ती सिकलसेलची वाहक निघाली. घरातले थोर म्हणाले, "कागद पेटीत ठेवा, कुठे बोलू नका." आम्हीही गप्प बसलो. शेवटी भाचीनेच खरे सांगितले. मुलाकडच्यांनी मुलाचे रक्त न तपासताच सोयरीक मोडली.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. तो आईबापाकडून येतो, संसर्गाने नाही. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तरच प्रत्येक अपत्याला आजाराची २५ टक्के शक्यता असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त निर्दोष असेल, तर मुलाला हा आजार होत नाही. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी बांधवांत तो आढळतो, तसाच विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही.

माणसांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास सोपा नाही. मेंडेलने वाटाण्यांचा हवा तसा संकर केला; माणसांची लग्ने प्रयोगासाठी लावता येत नाहीत. अशक्तपणा सिकलसेलचा की अर्धपोटी राहण्याचा, हे नुसते बघून कळत नाही. खाडा करून शिबिराला जाणे कामगाराला परवडत नाही. त्यात आमच्यासारख्यांनी कागद दडवले, तर खरा आकडा कळणार कसा?

लोक दडवतात ते शिक्क्याच्या भीतीने. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाके मोजून जातींची प्रतवारी लावली होती. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात तसलीच मापे तपासून दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. सिकलसेलही कुठल्या जातीचा कलंक नव्हे. वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखात हा गुण टिकला; आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही. आपल्याकडे जातीतल्या जातीत लग्ने होऊन तो तिथेच साचला.

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. बंधू-भगिनींनो, धम्म सांगतो, या आणि स्वतः पाहा. पत्रिका आपण केव्हाच टाकून दिल्या. आता सोयरीक ठरवताना मुलगा-मुलगी दोघांचेही रक्त तपासा आणि निकाल उघड्यावर ठेवा. आमच्या भाचीने तेवढे धैर्य दाखवले. ते आमच्यात नव्हते.