डाव्या हाताची अक्षरे

व्हाइटफील्ड हे नाव ऐकून पांढऱ्या शेताची कल्पना करणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक बंगळूरूच्या पूर्वेकडील ही वस्ती १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसविण्यात आली आणि डी. एस. व्हाइट या त्यांच्या पुढाऱ्याचे नाव तिला मिळाले. आज येथे संगणकाच्या कंपन्यांची दाटी आहे. त्यांपैकी एकीत मी नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून माझ्याकडे राहायला आली, ती अर्धांगवायूचा सौम्य झटका सोसून.

तिचे बोलणे सुधारले, चालणे सुधारले. डाव्या हाताची बोटे मात्र मागेच राहिली. एरवी तिने ते मनाला लावून घेतले नसते. परंतु आईचा सारा जन्म टंकलेखनात गेलेला. सरकारी कचेरीत गोदरेजच्या मराठी टंकयंत्रावर तिचे हात असे चालत की, समोर उभा असलेला माणूस बोलणे विसरून पाहत राही. माझ्या लॅपटॉपवर ती दोन ओळी लिही आणि हात मांडीवर ठेवून बसे. कळ हा शब्द आपल्याकडे यंत्राच्या बटणालाही आहे आणि वेदनेलाही. त्या दिवसांत तिला दोन्ही अर्थ एकदमच भेटत होते.

तयार कळफलकात सर्व कळांना सारखाच जोर लागतो. सुट्या भागांचा संच आणला, तर प्रत्येक कळेचा स्विच आपल्याला निवडता येतो. मी ८७ कळांचा संच मागविला. उजव्या हातासाठी सुमारे ६० ग्रॅम दाबाचे, टक् असा आवाज करणारे स्विच घेतले आणि डाव्या हातासाठी सुमारे ३५ ग्रॅमचे, हलके व मुके.

एका रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. स्क्रू हरवू नयेत म्हणून आईने ते स्टीलच्या ताटलीत ठेवले. लांब कळांखालच्या तारांना ग्रीस लावण्याचे काम तिने मागून घेतले. ते लावले नाही, तर अंतराची कळ खडखडते. मग एकेक स्विच धातूच्या पट्टीतून सर्किट बोर्डावर बसवू लागलो. स्विचच्या पोटात एक स्प्रिंग आणि धातूची दोन पाती असतात. कळ दाबली की पाती एकमेकींना टेकतात. बोर्डावर कळांच्या आडव्या-उभ्या रांगा असतात आणि एक लहानशी चिप त्या रांगा सेकंदाला शेकडो वेळा तपासून कोणती कळ दाबली गेली ते कळविते. तिथे कोणते अक्षर उमटवायचे, हे संगणक ठरवितो.

टंकयंत्राची जुनी रचनाही संगणकावर मिळते. मी ती सुचविली. आई म्हणाली, “बोटं नवी झाली आहेत ना माझी? मग रचनाही नवीच शिकव.” म्हणून १९८६ मध्ये प्रमाणित झालेली इन्स्क्रिप्ट रचना आम्ही निवडली. तिच्यात बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला येतात. कन्नडमधला क देखील त्याच कळेवर असतो, हे ऐकून तिला मौज वाटली. पण काना, मात्रा, वेलांटी सारे डाव्या हाताकडे, हे माझ्या ध्यानात उशिरा आले. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी कळफलक जोडला. आईने सातारा लिहायला घेतले. पडद्यावर ‘सतर’ उमटले.

तिने पुन्हा लिहिले. पुन्हा ‘सतर’. तिसऱ्या खेपेस तिने डाव्या हाताचे मधले बोट उजव्या हाताने धरून कान्याच्या कळेवर दाबले. काही उमटले नाही. “राहू दे रे,” ती म्हणाली, “बोटच दबत नाही माझं.” आणि हात पदराखाली घेतला.

मी तीच कळ दाबली. माझ्याही बोटाने काना उमटला नाही. मी पुन्हा जोराने दाबली आणि, सांगायला संकोच वाटतो, मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. आई रागावून पाहू लागली. मी चिमट्याने स्विच उपसून तिच्या तळहातावर ठेवला. त्याचा एक तांब्याचा पाय बसवताना दुमडून पोटाशी गेला होता. तो स्विच मीच घाईत बसविला होता.

“म्हणजे दोष तुझा,” आई म्हणाली.

“माझाच.”

तिने चष्मा पुसला, स्विच दिव्याखाली धरला आणि पाय स्वतःच सरळ केला. उजव्या हातात चिमटा होता. डाव्या हाताने स्विच धरून ठेवला होता. हात थरथरत होता, पण स्विच सुटला नाही. तो जागी बसल्यावर तिने सातारा लिहिले. उजवीकडून टक्, डावीकडून काहीच नाही, पुन्हा टक्. तिन्ही काने उभे राहिले.

“डावा कुजबुजतो नुसता,” ती म्हणाली. दिवा थोडा डावीकडे सरकवायला सांगून तिने थोरल्या बहिणीला पत्र लिहायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत चार चुका झाल्या. मी दाखवायला गेलो, तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात चहा टाकायला पाठविले.