दोरीचा पहिला घास

दिवेलागणीनंतर आज्जी घरात ‘साप’ हा शब्द काढू द्यायची नाही. बोलायचंच झालं तर लांबडं म्हणायचं, जनावर म्हणायचं, नाहीतर दोरी. म्हणून 1988 च्या पावसाळ्यात आमच्या घरात धामणीचं पिल्लू राहिलं, तेव्हा त्याचं नावच दोरी पडलं.

आमचं घर कबनूरचं. इचलकरंजीला खेटून असलेलं गाव. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं ती खडखड आमच्या गल्लीबोळांतही आली. आमच्या मागच्या खोलीतही चार माग होते. गावाबाहेर थोडा ऊस, तिथंच एक छप्पर, दारात म्हैस आणि परड्यात उकिरडा.

रोहिणी निघाल्या तशी शेणखत रानात न्यायला आबांनी उकिरडा फोडला. खोऱ्याच्या पहिल्या दोन घावांतच अंडी दिसली. नऊ होती. कोंबडीच्या अंड्यापेक्षा लांबट, पांढरी, टरफल चामड्यासारखं मऊ. तीन फुटली होती. शाळेतल्या जीवशास्त्राच्या सरांना मी धावत जाऊन विचारलं. ते म्हणाले, “जशी आहेत तशीच उचल. खालची बाजू वर करू नकोस. उबदार, ओलसर जागेत ठेव आणि विसरून जा.” मी सहाही अंडी शेणखतासकट फुटक्या रांजणात ठेवली. विसरलो मात्र नाही.

बेंदूर झाला आणि तीन-चार दिवसांनी पहिल्या अंड्यावर बारीक चीर दिसली. आतल्या पिल्लाच्या तोंडाशी टरफल कापायला एक इवलासा दात असतो, बाहेर आल्यावर तो गळून पडतो. चिरेतून नाक बाहेर आलं, जीभ लवलवली आणि पिल्लू पुन्हा आत गेलं. असं दिवसभर चाललं. दोन दिवसांत पाच पिल्लं बाहेर आली. दोन-दोन वितींची, ताणलेल्या सुतळीसारखी. ती आम्ही ओढ्याच्या काठाला सोडली. सहावं सगळ्यात शेवटी आलं, बारीक होतं, आणि बाहेर येऊनही जागचं हलेना. ते मी ठेवून घेतलं.

ठेवलं कशात, तर कांड्यांच्या रिकाम्या लाकडी पेटीत. वरती जाळी, तळाला माती, कोपऱ्यात पाण्याची पणती. पेटी मी माझ्या अंथरुणाशेजारी ठेवली, मागाच्या खोलीच्या भिंतीला लागून. माझ्या मते घरातली ती सगळ्यात उबदार जागा होती.

दोरी काही खाईना. पहिल्या दिवशी अंड्यातला बलक दिला, दुसऱ्या दिवशी मटणाचा बारीक तुकडा. तिनं जीभसुद्धा लावली नाही. आठवड्याभरात तिचे डोळे दुधासारखे पांढुरके झाले. ती आंधळी झाली, असं वाटून मला रडू फुटलं. मी पेटी उचलून सरांकडे नेली. सरांनी पाहिलं आणि पहिल्यांदा मला शांत केलं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा उरलेला असतो, पहिले काही दिवस ते त्यावरच राहतं. मग पहिली कात टाकतं. कात सुटायला आली की डोळ्यांवरचा पापुद्राही सैल होतो, दिसेनासं होतं, आणि अशा वेळी साप घास घेत नाही. “कात पडू दे. मग बारकी बेडकं आण. मेलेलं मांस हे तिला अन्न म्हणून कळतच नाही,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी पेटीत कात सापडली. कागदापेक्षा पातळ, डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ काचा. दोरीचे डोळे मोठे, काळेभोर, चकाकणारे झाले होते. मी डबक्यातली शेपूट गळालेली बोटाच्या पेराएवढी बेडकं आणली. एक पेटीत सोडलं. बेडूक उडी मारून तिच्या पाठीवर बसलं आणि दोरी कोपऱ्यात डोकं खुपसून आक्रसली. तीन रात्री हेच. मी दर तासाला जाळी उचलून बघायचो.

आणि नागपंचमी आली. गल्लीतल्या बायका वारुळाला जाऊन आल्या. आज्जीनं लाह्या आणि दुधाची वाटी घेऊन माझ्यासमोर बैठक मारली.

“आरं, सणाच्या दिशी लेकराला उपाशी ठेवतोस व्हय? वाईच दूध दे की.”

याच आज्जीला धामणीची भीतीही होती. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, नाकपुडीत शेपूट घालून जनावर मारते, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तरी घरातलं पिल्लू उपाशी आहे म्हणून तिचा जीव तुटत होता. सर त्या दिवशी घरी आले होते. त्यांनी आज्जीला समजावलं, की सापाला ओठ-गाल हलवून दूध ओढता येत नाही, त्याचे दात आत वळलेले असतात, सडाला लागले तर म्हैस लाथ मारेल. गारुडी सापांना कित्येक दिवस तहानलेलं ठेवतात. मग समोर येईल ते पातळ साप पितो, आणि पोटात न पचलेलं ते दूध त्याच्या जिवावर बेततं. आज्जी बराच वेळ गप्प बसली. मग वाटीतलं दूध तिनं मांजराला घातलं.

सरांनी मला खाली बसवलं. “हात जमिनीवर ठेव. काय कळतंय?”

भिंतीपलीकडं चारही माग चालू होते. धोटा इकडून तिकडं जायचा आणि प्रत्येक ठोक्याला शहाबादी फरशी तळव्याखाली थरथरायची. मला त्याची इतकी सवय होती, की ती थरथर मला कधी जाणवलीच नव्हती. सर म्हणाले, “सापाला बाहेरचे कान नाहीत. जमिनीचा कंप त्याच्या जबड्यातून आत जातो. तुझ्या दोरीच्या डोक्याखाली रात्रंदिवस कुणीतरी पाय आपटत चाललंय. वरून तू दर तासाला झाकण उघडतोस. अशा ठिकाणी तुला घास उतरेल?”

त्याच संध्याकाळी पेटी रानातल्या छपरात नेली. तळाला उसाचं कोरडं पाचट पसरलं आणि त्यावर एक फुटकं कौल पालथं घातलं, लपायला. दिवस मावळताना दोन बेडकं सोडली, जाळीवर गोणपाट टाकलं आणि आबांनी माझा हात धरून मला घरी आणलं. दुसऱ्या दिवशीही उघडायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट काढलं. एक बेडूक पणतीजवळ बसलं होतं. दुसरं नव्हतं. कौल हळूच उचललं. दोरी वेटोळं करून पडली होती आणि तिच्या अंगाच्या मधोमध सुपारीएवढा फुगवटा होता. मी कौल परत ठेवलं आणि घराकडं पळत सुटलो. आज्जीला ओरडून सांगितलं, “जेवली!” तिनं देवापुढं साखर ठेवली.

पुढच्या खेपेला मी लांबून, कंदिलाची वात बारीक करून पाहिलं. दोरी कौलाखालून बाहेर आली. जीभ बाहेर, आत, बाहेर. हवेतला वास ती जिभेनं गोळा करून टाळूतल्या दोन खाचांपर्यंत नेते, हे मी तोवर शिकलो होतो. बेडूक हललं आणि त्याच क्षणी तिनं धरलं. धामणीला विष नसतं, ती विळखाही घालत नाही. भक्ष्य जबड्यात दाबून ती जिवंतच गिळते. आधी उजवी बाजू थोडी पुढं सरकली, मग डावी, मग पुन्हा उजवी, जणू ती बेडकावरून चालत होती. शेवटचा पाय आत गेला, तिनं दोनदा जांभई दिल्यासारखा जबडा उघडला आणि पणतीला तोंड लावून पाणी प्यायली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी एक बेडूक, असा तिचा क्रम बसला. जेवण झाल्यावर दोन दिवस तिला हात लावायचा नाही, हा नियम मी मोडला नाही. दसऱ्यापर्यंत तिनं आणखी दोनदा कात टाकली. त्या कात मी वहीत ठेवल्या होत्या, शेवटची पहिलीपेक्षा चांगली चार बोटं लांब होती. कोजागिरीनंतर हवेत गारठा आला. आता तिला बिळाची ओढ लागेल, असं सर म्हणाले. आम्ही पेटी बांधावर आडवी केली. दोरी बाहेर आली, डोकं उचलून थांबली आणि उसात शिरली.

पुढं ऊसतोडीला धामण निघाली की आबा टोळीवाल्यांना कोयता खाली ठेवायला लावत. उसाची मुळं कुरतडणारे उंदीर ती खाते, म्हणून ती रानात हवीच, असं ते सांगत. ती आमची दोरीच होती का, हे ओळखायला काही खूण नव्हती, आणि आबांना तशी खूण नकोही होती.

पिल्लू घरात ठेवणं ही माझी चूक होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हाही होता, आम्हाला तो माहीत नव्हता. 2022 च्या दुरुस्तीत धामण त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली आहे. 1988 साली ज्यांना आम्ही लगेच ओढ्याकाठी सोडलं, त्या पाच पिल्लांना घास भरवायला कुणाचीच गरज पडली नव्हती. तुमच्या परड्यात, मागाच्या खोलीत किंवा उकिरड्यात सापाचं पिल्लू निघालं तर त्याच्यासमोर दूध ठेवू नका, त्याला डब्यात कोंडू नका. लांब उभे राहा, पोरांना मागं घ्या आणि वनविभागाला 1926 या क्रमांकावर फोन करा.