सालाझारची खुर्ची

एखाद्या देशावर वर्षानुवर्षे एकहाती सत्ता गाजवणारा माणूस पायउतार झाला, की ज्यांचे त्या देशाशी बिनसलेले असते ते विचारू लागतात : आता संबंध सुधारतील काय? कधी हाच प्रश्न उलटा येतो. शेख हसीना सलग पंधरा वर्षांच्या सत्तेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये ढाका सोडून भारतात आल्या, तेव्हा आपल्याकडे विचारले गेले ते, आता बिघडतील काय, असे. जाणकार मंडळी दोन्ही प्रश्नांना तयार उत्तरे देतात. आम्हांस मात्र अशा वेळी आठवतात ते कोरेगावचे आमचे धाकटे काका आणि त्यांची कात्रणांची वही.

काका अडत दुकानात दिवाणजी होते. परराष्ट्र धोरणाशी त्यांचा संबंध आला तो डाव्या खांद्यापुरता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीहून गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींमध्ये ते होते. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे मेली. काकांना गोळी लागली नाही, बंदुकीचा दस्ता बसला. पुढे आयुष्यभर तो हात कानाच्या वर गेला नाही. सदरा घालताना काकू नेहमी मदतीला उभ्या असत, आणि दोघेही त्याविषयी कधी काही बोलत नसत.

त्याच वर्षी भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध तुटले. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या सैन्याने छत्तीस तासांच्या आसपास गोवा मुक्त केला. सालाझारने तो गेलेला मानलाच नाही. लिस्बनच्या लेखी गोवा हा परकीयांनी व्यापलेला पोर्तुगालचा प्रांत राहिला. नकाशावर गेलेली गोष्ट नकाशावरच अडवून धरता येते, ही हुकूमशहांची जुनी समजूत.

पण या कागदी हट्टाची किंमत माणसे मोजत होती. मोहन रानडे हे मूळचे सांगलीचे, मनोहर आपटे. मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ साली जखमी अवस्थेत पकडले गेल्यावर त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढे लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात त्यांची रवानगी झाली. गोवा मुक्त झाल्यावर आपण तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी १९६२ च्या मे महिन्यापर्यंत घरी पाठवले. रानडे तिथेच राहिले. काकांच्या वहीत या मजकुराशेजारी शाईने एक उभी रेघ ओढलेली आहे. शब्द एकही नाही.

१९६८ च्या सप्टेंबरात सालाझार गंभीर आजारी असल्याची बातमी आली. १९३२ पासून पंतप्रधानपदी असलेला हा माणूस ऑगस्टमध्ये, उन्हाळी मुक्कामाच्या किल्ल्यात, खुर्ची मोडून पडला होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सप्टेंबरच्या अखेरीस त्याच्या जागी मार्सेलो काएतानो नेमला गेला. सालाझार १९७० पर्यंत जगला, आणि आपण पदावर नाही हे त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही, असे म्हणतात. मंत्री येत, तो सूचना देई, ते माना डोलावून परत जात.

आम्ही तेव्हा शाळकरी होतो. घरात पेढे येतील अशी आमची अपेक्षा होती. काका वर्तमानपत्र घडी करून म्हणाले, "अरे, बसायची खुर्ची मोडली. राज्याची कुठे मोडलीय?"

त्यांचे म्हणणे निम्मे खरे ठरले. काएतानोच्या राजवटीत गोव्याविषयीची भूमिका तसूभरही बदलली नाही. पण जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी घेतलेले कष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहेत. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ साली पोपना भेटून शब्द टाकला होता, हे आपल्याकडे क्वचितच आठवले जाते. हे सारे प्रयत्न सालाझार असता तर फळले असते काय, सांगवत नाही. धनी बदलला की नवा धनी एखादी खिडकी उघडतो, वाड्याची मालकी सोडत नाही, इतकेच त्यातून आम्हांस दिसते. फिदेल कास्त्रो २००८ साली पदावरून दूर झाले, आणि हवाना व वॉशिंग्टन येथील दूतावास पुन्हा उघडायला २०१५ उजाडले.

राज्याची खुर्ची मोडली ती २५ एप्रिल १९७४ रोजी, आणि ती मोडली सैनिकांनी. अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथे तेरा वर्षे चाललेल्या लढायांना कंटाळलेल्या अधिकाऱ्यांनी लिस्बन ताब्यात घेतले. लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत फुले खोचली. गोव्याचा हट्ट सुटला तो असा आफ्रिकेमुळे. आमच्या मुत्सद्देगिरीचे श्रेय त्यात फार थोडे, हे मान्य करायला आम्हांस संकोच वाटत नाही.

मग मात्र आठ महिनेही पुरेसे झाले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले, तेही मागील तारखांपासून, म्हणजे ते प्रदेश भारतीय संविधानानुसार भारतात आले त्या दिवसांपासून. पोर्तुगालतर्फे सही करणारे मारिओ सोआरेस हे सालाझारच्या तुरुंगांत राहिलेले, हद्दपारी भोगलेले. आपल्यातर्फे सही केली ती परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांनी : देवराष्ट्रे येथे जन्मलेले, कऱ्हाडचे, आणि इंग्रजांच्या तुरुंगाची हवा खाल्लेले. कोरेगावात त्या दिवसांत याचे फार कौतुक झाले. काकांनीही कात्रण नीट कापून चिकटवले.

पण करारात पोर्तुगीज भाषा-संस्कृतीच्या जोपासनेचा विषय आहे, हे वाचल्यावर ते बिथरले. दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. "सरकारचा खांदा दुखत नाही," एवढे एकदा पुटपुटले. त्यांचे काय चुकले हे आम्हांस तेव्हा कळले नाही, आजही नेमके सांगता येणार नाही. दोन राज्यांनी मागील तारखेपासून सलोखा करता येतो. माणसाला मागील तारीख घालता येत नाही.

त्यानंतर वहीत बराच काळ काही नाही. मग १९८० सालचे एक कात्रण आहे. गोव्याचे शेवटचे पोर्तुगीज गव्हर्नर वासालो इ सिल्वा पाहुणे म्हणून गोव्यात आले, त्यांचे चांगले स्वागत झाले, अशी बातमी. १९६१ साली सालाझारने याच गृहस्थांना कळवले होते की शरणागती नको, सैनिक एक तर विजयी व्हावेत नाही तर मरावेत. त्यांनी ते ऐकले नाही, शरणागती पत्करली, आणि अनेक जीव व इमारती वाचल्या. बदल्यात सालाझारने त्यांना सैन्यातून काढले. १९७४ नंतर त्यांचा मान परत मिळाला.

ती बातमी काकांनी आम्हांस मोठ्याने वाचून दाखवली. मग म्हणाले, "या माणसाला भेटले पाहिजे." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. वास्कोला जायचे तर तेव्हा मिरजेला गाडी बदलावी लागे. त्यांनी स्टेशनवर जाऊन वेळा विचारून आणल्या, काकूंनी दशम्या बांधायची तयारी केली, नव्या सदऱ्याला बटणे लावली. पण वर्तमानपत्र आमच्याकडे येईपर्यंत पाहुणा परतलाही होता. वेळा लिहिलेला तो कागद त्याच पानाला टाचणीने लावलेला आहे.