बुरशी धरलेली चौकट

फाल्गुनात पळस फुलला, की मधपेटी उघडून पाहायची वेळ झाली. असीरगडच्या पायथ्याशी, केळीच्या बागेच्या बांधावर सातेरी मधमाश्यांची एक पेटी होती. कडेची चौकट उचलली, तर पोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात राखाडी-हिरवी बुरशी. एका घरातल्या परागावर पांढरी लव, शेजारचं घर लख्ख. तिथेच एक कामकरी माशी दगडासारखा घट्ट झालेला परागाचा खडा जबड्यात धरून मागे मागे सरत होती. पडली, पुन्हा चढली. माझी नजर तिथून हलेना.

पेटीवाल्यांनी कापायला पटाशी उचलली. ‘दादा, राहू द्या,’ म्हणालो. ही बुरशी म्हणजे रोग नव्हे. माश्या जिथे बसत नाहीत, तिथे ओल बसते. पिलाव्याजवळ, म्हणजे अंडी-अळ्यांच्या घरांजवळ, 34-35 अंशांची ऊब असते. थंडीत माश्या घटल्या आणि मध्यभागी गोळा झाल्या, की कडेच्या चौकटी उघड्या पडतात. त्यात बागेच्या पाटाची ओल.

वर गड दिसत होता. मला त्याच्या तटापेक्षा कोठारांचं कुतूहल जास्त. 1600 मध्ये अकबराने वेढा घातला, तेव्हा फारुकी सुलतानांच्या या गडावर दाणागोट्याला तोटा नव्हता. सुलतान बहादूरशहा खाली येऊन बादशहाच्या छावणीत अडकला, तरी गड लढतच राहिला. मात्र आत माणसं आणि जनावरं दाटीवाटीने कोंडलेली. साथ पसरली, माणसं पटापट मेली, असं दरबारी इतिहासकार सांगतात. छावणीत असलेल्या जेझुइट पाद्र्यांची हकीकत निराळी: बादशहाने सोनं चारून दरवाजे उघडवले. जानेवारी 1601 मध्ये गड पडला. मला दोन्ही खरं वाटतं. साथीने खचलेल्या माणसाला सोनं लवकर दिसतं. नुसत्या भरल्या कोठारावर गड तगत नाही, एवढं मात्र नक्की. पेटीचंही तसंच: आत राखणाऱ्या माश्या उरायला हव्यात.

किलोभर मेण करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा अंदाज आहे. म्हणून बांधलेलं पोळं फेकणं मला पटत नाही. पेटी जमिनीपासून उंच घ्या, तोंडाकडे किंचित कलती ठेवा. रिकाम्या चौकटी काढून वसाहतीचं घर आटोपशीर करा. ओलं पोळं सावलीत, वाऱ्यावर सुकवा. उन्हात मेण मऊ पडून पोळं खचतं. मग ते भरभक्कम वसाहतीला द्या, ती साफ करून घेते. जुनं, काळं पडलेलं पोळं मात्र खुशाल वितळवा. आणि पिलावा सडलेला असेल, दुर्गंधी येत असेल, अळी मरून पाण्याच्या पिशवीसारखी झाली असेल, तर ती चौकट दुसऱ्या पेटीत चुकूनही नेऊ नका.

एरवी बुरशी दिसली की पटाशी खाली ठेवा आणि आधी पेटीत माश्या किती उरल्यात ते पाहा.