आयर्लंडची दगडी छपरे

जुन्या दगडी इमारतींच्या डागडुजीत ज्याची तीस वर्षे गेली, त्याची नजर कोणत्याही देवालयात शिरताना आधी वर जाते. छपरातले पाणी कोठे उतरते याचा अदमास घेतल्यावाचून ती नक्षीकडे वळत नाही. आयर्लंडमधील प्राचीन चर्चे पाहण्याचा योग मला दोनदा आला, आणि दोन्ही वेळा, अटलांटिकवरून आडवा येणारा पाऊस अंगावर झेलीत त्या इवल्याशा वास्तूंभोवती हिंडत असताना, एकच प्रश्न मनात घोळत राहिला: जेथे पाऊस बाराही महिने पाठ सोडत नाही, तेथे या लोकांनी दगडाचेच छप्पर घालण्याचा हट्ट का धरला, आणि तो पार कसा पाडला?

आरंभी ही चर्चे लाकडाचीच होती. जुन्या आयरिश भाषेत चर्चला ‘ओकचे घर’ अशा अर्थाचा शब्द होता. दगडी चर्चची अपूर्वाई इतकी की त्याला ‘दगडाचे घर’ असे निराळे नाव पडले, आणि मीथ परगण्यातील डुलीक या गावाचे नाव त्याच शब्दाचा अपभ्रंश होय. पण हात दगडाकडे वळला तरी मन लाकडातच रमले होते. गॉलवेच्या किनाऱ्याजवळ सेंट मॅकडाराच्या बेटावर जे चर्च आहे, त्याच्या लांब भिंती कोपऱ्यांच्या पुढे हातभर येतात आणि त्याच पट्ट्या टोकाच्या त्रिकोणी भिंतीवरून थेट आढ्यापर्यंत चढत जातात; सुताराने उभे केलेले कोपऱ्याचे खांब आणि वर एकमेकांना भिडणारे वासे यांची ती पाथरवटाने केलेली निष्ठापूर्वक नक्कल आहे. दरवर्षी १६ जुलैला तेथे यात्रा भरते, आणि बेटावरून जाणारी शिडाची होडी या संताला वंदन म्हणून आपले शीड तीनदा खाली करते.

या हट्टाचे पहिले उत्तर डिंगलच्या द्वीपकल्पावर, गॅलरस येथे, सापडते. आतून सुमारे साडेचार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी ही प्रार्थनेची कोठी उपड्या ठेवलेल्या होडीसारखी दिसते, कारण तिला भिंत निराळी आणि छप्पर निराळे असे नाहीच. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकवीत दोन्ही बाजू वर आढ्याशी मिळविलेल्या आहेत, आणि प्रत्येक दगडाला बाहेरच्या अंगाला अल्पसा उतार दिलेला असल्यामुळे पाणी सांध्यात न शिरता बाहेर निथळते. थरावर थर आत सरकविण्याची ही रीत आपल्या हेमाडपंती देवळांच्या छतांतही आहे, म्हणून तिच्याशी माझी जुनी ओळख. पण आपल्या छतांना खाली खांब आणि तुळया यांचा आधार असतो, येथे तो मुळीच नाही. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल झोपड्यांत, जशा स्केलिग मायकेलच्या खडकावर साधूंनी बांधल्या, ही रचना निर्धोक असते, कारण वर्तुळात प्रत्येक दगड शेजाऱ्याला अडवून धरतो. आयताकृती वास्तूत मात्र लांब बाजूंचा मध्यभाग निराधार राहतो आणि कालांतराने आत झुकतो. या घाटाच्या बहुतेक कोठ्या अशाच ढासळल्या. गॅलरसही मध्यावर थोडी खचली आहे, तरी ती उभी आहे आणि कोरडी आहे. भर पावसात आत उभा राहून मी भिंतीवरून तळहात फिरविला, तो तसाच कोरडा निघाला, आणि त्या अनाम गवंड्यांपुढे मनोमन नमस्कार केला.

पुढच्या पिढ्यांनी हा दोष ओळखला. ग्लेंडालॉखच्या दरीतील सेंट केव्हिनच्या चर्चमध्ये त्यांनी बाहेरून अत्यंत उभट असे दगडी छप्पर चढविले, आणि त्याची पाखी आत कोसळू नयेत म्हणून खाली एक सलग अर्धगोल कमान घातली. या दोहोंमधील पोकळीत माळा झाला. या युक्तीची परिणती कॅशेलच्या खडकावर पाहावी. मन्स्टरचा राजा कॉर्मक मॅकार्थी याने ११२७ मध्ये आरंभिलेले आणि ११३४ मध्ये अभिषिक्त झालेले ते चॅपेल म्हणजे माझ्या मते आयरिश पाथरवटांची सर्वोच्च कृती होय. खडक चुनखडीचा, पण चॅपेल मात्र वालुकाश्माचे, कारण त्यावर छिन्नी मृदूपणे चालते. आणि नेमकी हीच मृदुता त्याच्या मुळावर आली. सच्छिद्र दगडाने शतकानुशतके पावसाचे पाणी शोषले, भिंती ओथंबल्या, शेवाळ धरले, आणि आत चुन्याच्या सफेतीखाली दडून राहिलेली, आयर्लंडातील सर्वांत जुन्या भित्तिचित्रांत गणली जाणारी बाराव्या शतकातील चित्रे धोक्यात आली. अखेर सरकारी बांधकाम खात्याने सबंध चॅपेलभोवती परांची बांधून वर तात्पुरते छप्पर घातले आणि ते कित्येक वर्षे तसेच ठेवून दगडाला आपल्या गतीने वाळू दिले. छपरावर छप्पर घालून स्वस्थ बसणे हे काम बाहेरून आळसाचे वाटेल. पण घाईने उष्णता देऊन वाळविलेला दगड क्षार वर फेकतो आणि रंगासकट पापुद्रा सोडतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला या संयमाचे मोल कळते.

त्याच खडकावर, चॅपेलला लागून, मोठे कॅथीड्रल आहे. ते आज उघडे पडले आहे. १७४९ मध्ये, आर्चबिशप आर्थर प्राइस यांच्या कारकीर्दीत, त्याचे छप्पर उतरविण्यात आले. वळचण गेली की भिंतीचा माथा उघडा पडतो, पाणी आतल्या भरावात मुरते, आयव्हीची मुळे चुना कुरतडतात. पुढे १८६९ च्या कायद्याने, १ जानेवारी १८७१ पासून, आयर्लंडमधील चर्चसंस्थेचा राजमान्य दर्जा बरखास्त झाला, आणि वापरात नसलेली पण जतनास योग्य अशी कित्येक भग्न चर्चे सार्वजनिक बांधकामाच्या आयुक्तांच्या हवाली झाली. त्यांत कॅशेलही होते. ही तरतूद नसती तर आज पाहण्यासारखे किती थोडे उरले असते, या विचाराने अजूनही धास्ती वाटते.

एक खंत मात्र लिहिलीच पाहिजे. माझ्या उमेदवारीच्या काळात एका जुन्या देवळाचे सांधे आम्ही सिमेंटने भरले होते. वरिष्ठांचा हुकूम होता आणि मजबुतीचा आम्हाला अभिमान होता. चौथ्या पावसाळ्यात दगडाची कड सुटू लागली. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, म्हणून ती दगडातून वाट काढते. आयर्लंडातही मागील पिढ्यांच्या डागडुजीत हेच सिमेंट भरलेले मला ठिकठिकाणी आढळले, आणि आता ते एकेक सांध्यातून खरवडून काढून तेथे मळलेला चुना भरण्याचे काम चालू असलेले पाहून कोणाचा तरी अपराध कोणीतरी फेडीत आहे असे वाटले.

मेयो परगण्यातील बॅलिनटबरचे ॲबी मी शेवटी पाहिले. कॉनॉटचा राजा काहल ओकॉनर याने १२१६ मध्ये ते स्थापिले, १६५३ मध्ये क्रॉम्वेलच्या सैनिकांनी ते जाळले, आणि लाकडी छप्पर भस्म झाले. वेदीवरची दगडी कमान तेवढी शाबूत राहिली. त्यानंतर लोक आकाशाखाली, पावसात उभे राहून, तेथेच प्रार्थनेला येत राहिले. १८४६ मध्ये जीर्णोद्धाराला हात घातला तो दुष्काळाने थांबविला. सभागृहावर पुन्हा छप्पर चढले ते १९६६ मध्ये, स्थापनेला ७५० वर्षे झाली तेव्हा. मी गेलो त्या दिवशीही पाऊस होता. वेदीजवळच्या जुन्या दगडाला हात लावून पाहिला, आणि मग सवयीने, नवे छप्पर जेथे जुन्या भिंतीला टेकते तेथे ओल कोठे उतरली आहे का, ते शोधीत बराच वेळ वर पाहत राहिलो. कोठेही उतरली नव्हती.